देशाचं नाव नको, चिठ्ठी लिहा: एका अनुभवासाठी जगप्रवास कसा आखावा

आमची पहिली परदेशवारी म्हणजे नऊ दिवसांत पाच देश. त्यातलं आज सगळ्यात स्पष्ट काय आठवतं विचाराल, तर बसमधल्या माझ्या पुढच्या सीटची पाठ. निळं कापड, त्यावर लाल ठिपके आणि जाळीच्या खिशात आधीच्या कुणीतरी कोंबलेलं बिस्किटाचं वेष्टन. आयफेल टॉवरखाली पन्नास मिनिटं मिळाली, त्यातली निम्मी बायकांच्या टॉयलेटच्या रांगेत गेली. जेवायला मात्र रोज वरण-भात, एकदा तर पुरणपोळीही. डोंबिवलीला परतल्यावर शेजारणीने विचारलं, ‘काय काय बघितलंत?’ मी यादी म्हणून दाखवली. यादी संपली आणि बोलणंही संपलं.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. एका प्रवासाला एकच अनुभव धरायचा आणि बाकीचं सगळं त्याच्याभोवती रचायचं. असे तीन प्रवास झाले, चौथ्याची तयारी चालू आहे. जे जमलं आणि जे फसलं ते क्रमाने सांगते.

पायरी १: घरातल्या प्रत्येकाकडून एक चिठ्ठी घ्या

जुलैतला रविवार होता. बाहेर पाऊस, मध्य रेल्वे ठप्प, कांदाभजी संपलेली. जुन्या कॅलेंडरचं पान फाडून मी चार चिठ्ठ्या केल्या आणि चौघांना वाटल्या. अट एकच: देशाचं नाव लिहायचं नाही. वाक्य लिहायचं आणि त्यात क्रियापद हवं. बघायचं, ऐकायचं, चढायचं, खायचं, काहीही.

‘स्वित्झर्लंड’ असं लिहिलं की कुणालाही फोन करा, तयार पॅकेज हातात पडतं. रोज सकाळी ७.५२ची फास्ट पकडणाऱ्या माझ्या नवऱ्याने लिहिलं, ‘खिडकीशी बसून, कुणाचं कोपर न लागता, बर्फातून घाट चढणारी गाडी.’ असं वाक्य हातात आलं की काय शोधायचं ते कळतं. मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा. त्याची चिठ्ठी: ‘खूप प्राणी एकदम पळताना बघायचेत.’ मी लिहिलं, ‘आकाशात हिरवा उजेड हलताना बघायचाय.’

आईने सगळ्यात उशिरा चिठ्ठी दिली. तिच्यावर लिहिलं होतं, ‘ग्रहण. उघड्यावर उभं राहून बघायचं.’

१६ फेब्रुवारी १९८०ला आई सोळा वर्षांची होती, गिरगावातल्या चाळीत राहायची. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कारवारकडून हैदराबादच्या दिशेने गेला. मुंबईत ते खंडग्रासच होतं, पण आजीने खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली, पाण्याच्या पिंपात तुळशीची पानं टाकली आणि सगळ्या पोरांना आतल्या खोलीत बसवलं. खालून ‘दे दान, सुटे गिराण’ अशी आरोळी येत होती. आईला ग्रहण दिसलं ते दाराच्या फटीतून जमिनीवर पडलेल्या उन्हाच्या रेघेत. ‘रेघ जरा मळकट झाली, एवढंच,’ ती म्हणते.

मुलांच्या चिठ्ठीला हसू नका आणि म्हाताऱ्या माणसाला ‘तुला झेपेल का’ हा प्रश्न या पायरीवर विचारू नका. त्याची जागा पुढे आहे.

पायरी २: आधी तारीख, मग तिकीट

आपलं कॅलेंडर ठरलेलं: मे महिना, दिवाळी आणि नाताळचा आठवडा. निसर्गाला ते माहीत नसतं. म्हणून चिठ्ठीतली गोष्ट जगात कधी घडते हे आधी बघा आणि मग ती आपल्या सुट्टीत बसते का ते पाहा. उलट केलंत, तर वाळलेल्या चेरीच्या झाडाखाली फोटो काढून परत याल.

चेरीचंच घ्या. टोकियोत हा बहर साधारण मार्चच्या शेवटी ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात येतो आणि पूर्ण फुललेला जेमतेम आठवडाभर टिकतो. एक जोराचा पाऊस आला की पाकळ्या खाली. आपल्याकडे नेमके वार्षिक परीक्षेचे दिवस. जपानमध्ये बहराचे अंदाज हिवाळ्यातच यायला लागतात, ते बघत राहायचं आणि हॉटेल रद्द करता येईल असंच घ्यायचं.

केनियातल्या मसाई माराचं वेगळं. दहा लाखांहून जास्त विल्डबीस्ट, म्हणजे गुरांसारखी दिसणारी मोठी हरणं, टांझानियाच्या सेरेंगेटीतून गवताच्या मागावर वर सरकतात. मारा नदी ओलांडतानाचे त्यांचे कळप साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात दिसतात. मेच्या सुट्टीत गेलात तर सिंह-हत्ती दिसतील, पण चिठ्ठीतलं ‘एकदम पळताना’ राहून जाईल. आमच्याकडे गणपती दीड दिवसाचा. विसर्जन झालं आणि तिसऱ्या दिवशी आम्ही नैरोबीच्या विमानात होतो. गौरी-जेवणाला नाही म्हणून आत्याबाई अजून रागावलेल्या आहेत.

उत्तर ध्रुवाकडचा उजेड, म्हणजे नॉर्दर्न लाइट्स, मात्र दिवाळीच्या सुट्टीला चक्क सोयीचा. नॉर्वेतलं ट्रॉम्सो ६९ अंश उत्तरेच्याही वर आहे. उन्हाळ्यात तिथे रात्रच होत नाही, त्यामुळे आकाशात काही घडत असलं तरी दिसत नाही. सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या अखेरीपर्यंत अंधार पुरेसा असतो. हा उजेड सूर्यावरच्या घडामोडींमुळे दिसतो आणि त्यांचं चक्र साधारण ११ वर्षांचं. सध्याच्या चक्राचा जोर २०२४च्या सुमारास शिगेला पोचला. पण ‘पुढच्या वर्षी दिसणारच नाही’ म्हणून घाई करवणाऱ्या जाहिरातींना भुलू नका, कारण ट्रॉम्सोच्या पट्ट्यात शांत वर्षांतही उजेड दिसतो.

नेपाळमध्ये चालायचं असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर: पाऊस सरलेला, हवा धुतलेली. घाटाच्या गाडीला मे चालतो, माथ्यावर तेव्हाही बर्फ असतो.

आणि आईच्या चिठ्ठीला तर पंचांगच लागतं. २ ऑगस्ट २०२७, सोमवार. आषाढ अमावास्या, म्हणजे आपली दिव्याची आवस. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहण आहे. मुंबईतूनही ते खंडग्रास दिसेल, पण ऑगस्टमधल्या आपल्या ढगांवर कोण विसंबणार?

पायरी ३: नकाशावर बोट नेमकं ठेवा

या पायरीवर बहुतेकांचा घोळ होतो. ‘इजिप्तला ग्रहण दिसणार आहे ना, मग कैरोला जाऊ, पिरॅमिडही होतील’ असं आमच्याच घरात म्हणून झालं. पण खग्रासाचा पट्टा अरुंद असतो. २०२७चा पट्टा दक्षिण स्पेनवरून, मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबियामार्गे इजिप्तच्या मध्यभागातून सौदी अरेबिया आणि येमेनकडे जातो. कैरो त्याच्या बाहेर राहतं. लक्सर आत आहे, आणि तिथे दुपारी एकच्या सुमारास सहा मिनिटांहून जास्त वेळ सूर्य पूर्ण झाकलेला असेल. पट्ट्याबाहेर सूर्य ९५ टक्के झाकला तरी उरलेला तुकडा दिवस जागा ठेवायला पुरतो. तारे आणि सूर्याभोवतीची प्रभा दिसत नाही. वऱ्हाडासोबत निघालात आणि कार्यालय एक स्टेशन अलीकडे चुकलं, तसलाच प्रकार.

गाडीच्या बाबतीतही नेमकेपणा पैसे वाचवतो. स्वित्झर्लंडमधली बर्निना लाइन थेट इटलीतल्या तिरानोला उतरते. २००८पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. मोठ्या काचांची जी प्रसिद्ध पर्यटक गाडी तिच्यावरून धावते, तिला जागेचं आरक्षण आणि वरचे पैसे लागतात. त्याच रुळांवरून साधी लोकल गाडीही जाते, तीच वळणं, तोच बर्फ, आरक्षणाची गरज नाही. शिवाय तिच्या काही डब्यांच्या खिडक्या उघडतात, म्हणजे फोटोत आपलंच प्रतिबिंब येत नाही.

माझ्या नवऱ्याने अख्खा घाट खिडकीला नाक लावून काढला. बोरघाटात चढ ३७ला १ आहे आणि कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावल्याशिवाय आपल्या बहुतेक गाड्या वर जात नाहीत, हे तो कुणालाही सांगतो. बर्निनावर चढ साधारण १४ला १, दातेरी रूळही नाहीत, आणि गाडी स्वतःच्या ताकदीवर २,२५३ मीटरवरच्या ओस्पित्सियो बर्निना स्टेशनात पोचते. तिथे तो खाली उतरला, रुळाजवळचा बर्फ हातात घेतला आणि म्हणाला, ‘वडापाववाला हवा होता इथे.’ त्याचा अनुभव पूर्ण झाला होता.

पायरी ४: रात्री मोजा, ठिकाणं नाही

निसर्गाचा कुठलाही खेळ एका रात्रीत बघायला जाऊ नये. माझा हिशोब असा: उजेडासाठी किमान चार रात्री, नदीकाठी तीन पूर्ण दिवस, आणि पहिला प्रयत्न पहिल्याच दिवशी. तो फसला तर मागे दिवस उरतात. शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवलेला मुख्य कार्यक्रम हमखास घात करतो.

ट्रॉम्सोत पहिल्या दोन रात्री ढग होते. हॉटेलच्या खिडकीत बसून मी चहा पीत राहिले आणि नवरा हप्त्यांचं गणित करत राहिला. तिसऱ्या रात्री छोट्या बसचा चालक म्हणाला, किनाऱ्यावर आशा नाही, फिनलंडच्या सीमेकडे आकाश मोकळं आहे. दोन तास आम्ही आत-आत गेलो. थंडी वाढत गेली. फोन बाहेर काढला की बॅटरी भराभर उतरायची, म्हणून तो आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवला. हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आता मी सांगतेय.

आणि हेही सांगते, की सुरुवातीला हिरवं काही दिसतच नाही. आकाशात एक राखाडी पट्टा होता, दूरच्या होळीचा धूर असावा तसा. मी निराश झाले. चालकाने फोन घट्ट धरून आठ सेकंदांचा फोटो काढायला लावला, तर फोटोत तोच पट्टा पोपटी! अंधुक प्रकाशात आपल्या डोळ्याला रंग नीट कळत नाहीत, कॅमेऱ्याला कळतात. वीसेक मिनिटांनी पट्टा जाड झाला, डोक्यावर आला आणि हलायला लागला. चाळीच्या गॅलरीत वाळत घातलेली नऊवारी वाऱ्याने फुगते, तिची एक कड उचलते, मग दुसरी, तसं. तेव्हा मात्र हिरवा रंग माझ्याच डोळ्यांना दिसला आणि खालच्या काठाला गुलाबी रेघ. नवऱ्याने हप्त्यांचा विषय परत काढला नाही, निदान मुंबईला येईपर्यंत.

माराच्या काठी तर अडीच तास काहीच घडलं नाही. चालकाने इंजिन बंद केलं होतं. गाडीतून खाली उतरायचं नाही, कळपाच्या वाटेत गाडी आणायची नाही, हे तो निघतानाच बजावून मोकळा झाला होता. पलीकडे हजारो जनावरं काठावर येत, पाणी हुंगत, मागे फिरत. त्यांचा तो हुंकार गुरांच्या बाजारासारखा, धूळही तशीच. मुलाने शंकरपाळ्यांचा डबा अर्धा संपवला. मग एका झेब्र्याने पाण्यात पाय घातला. दादरच्या पुलावर पहिला माणूस हलला की मागची अख्खी गर्दी आपोआप सुटते, तसे ते सगळे एकदम सुटले. शंकरपाळं मुलाच्या हातातच राहिलं.

पायरी ५: कागदपत्रं

कंटाळवाणी पायरी आहे, पण विमानतळावर रडण्यापेक्षा बरी.

पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने उरलेली असू द्या, बहुतेक देशांना ती चालते. तिकिटावरचं नाव पासपोर्टबरहुकूम हवं. आपल्याकडे स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं आणि आडनाव असा त्रिकोण असतो, लग्नानंतर तो बदलतोही. तिकीट काढताना पासपोर्ट समोर उघडून एकेक अक्षर बघून लिहा.

नॉर्वे किंवा स्वित्झर्लंडसाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा, लागतो. ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, निदान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो, आणि प्रवासविमा कमीत कमी ३० हजार युरोंचा हवा. मुंबईत मेच्या सुट्टीआधी अपॉइंटमेंटची मारामारी असते, म्हणून होळीपर्यंत थांबू नका. अर्जाच्या आदल्या आठवड्यात काकांकडून उसने आणून खात्यात भरलेले दोन लाख कुणालाही फसवत नाहीत. स्टेटमेंट नेहमीचंच बरं. नेपाळ आणि भूतानला आपल्याला व्हिसा लागत नाही, पहिल्या चिठ्ठीसाठी हे दोन शेजारी उत्तम.

केनियाला जाताना पीतज्वराची लस घ्यावी लागते. ती प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी आणि सरकारमान्य केंद्रातच घ्यायची. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. ते नसेल तर परतताना भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी आणि साठीपुढच्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही लस घेऊ नये. आईने म्हणूनच माराला नकार दिला आणि घरी गणपतीची उरलेली खिरापत संपवत बसली.

पायरी ६: पैसा चिठ्ठीवर ओता, बाकी हात आखडा

प्रत्येक प्रवासासाठी आम्ही रिकरिंग लावतो आणि त्या खात्याला प्रवासाचंच नाव ठेवतो. पैसे कुठे जास्त घालायचे हे चिठ्ठी सांगते. मारामध्ये आम्ही साध्या तंबूत राहिलो, पण गाडी फक्त आमच्यासाठी घेतली. दुसऱ्या कुटुंबाबरोबर गाडी वाटून घेतली असती, तर जेवणाची वेळ झाली म्हणून आम्हाला त्या अडीच तासांतूनच उठावं लागलं असतं. नॉर्वेत बाहेरचं जेवण खिशाला भोक पाडतं, म्हणून स्वयंपाकघर असलेली खोली घेतली आणि चार रात्री पिठलं-भात केला. उजेड शोधणाऱ्या अनुभवी चालकाचे पैसे मात्र घासाघीस न करता दिले.

एक छोटी गोष्ट: परदेशात कार्ड घासताना मशीन विचारतं, रुपयांत की तिथल्या चलनात? तिथलं चलन निवडा. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो, पण त्यात दर जवळजवळ नेहमीच महाग लावलेला असतो.

पायरी ७: आता विचारा, झेपेल का

चिठ्ठीत ‘चढायचं’ असेल तर सह्याद्री आपल्या दारात आहे. सहा महिने आधीपासून दर पंधरा दिवसांनी एक गड, शेवटी कळसूबाई. पण एक लक्षात ठेवा, कळसूबाई १,६४६ मीटर, भूतानमधला पारो तक्त्सांग मठ ३,१२० आणि एव्हरेस्टचा बेस कॅम्प ५,३६४. गडांनी पाय तयार होतात, विरळ हवेची सवय होत नाही. तीन हजार मीटरच्या वर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. डोकं दुखत असेल तर आणखी वर जायचं नाही, मग गटातले बाकीचे काही म्हणोत.

आईचे गुडघे दुखतात, पण ग्रहणाला चढ नाही. तिथे त्रास उन्हाचा. ऑगस्टमध्ये लक्सरला पारा चाळीशीपार असतो आणि सूर्य बरोबर डोक्यावर. म्हणून हॉटेल असं बघतोय की गच्चीवरून बघता येईल आणि पाच मिनिटांत गार खोलीत परतता येईल. चष्मे आयएसओ १२३१२-२ अशी खूण असलेलेच. ते फक्त खग्रासाच्या त्या सहा मिनिटांत काढायचे आणि कडेला उजेडाचा पहिला थेंब दिसताच परत लावायचे. एक्स-रेची फिल्म, काळी काच, पाण्यातलं प्रतिबिंब, यातलं काहीही नको.

पायरी ८: त्या क्षणी फोन कुणाकडे, हे आधी ठरवा

आमच्या घरात एकच जण फोटो काढतो, पाळीपाळीने. बाकीच्यांचे फोन खिशात. ज्याची चिठ्ठी त्याच्या हातात त्या दिवशी काहीच नसतं. व्हिडिओ कॉल करून डोंबिवलीला दाखवायचा मोह होतो, विशेषतः माराला झाला होता. नेटवर्क नव्हतं, त्यामुळे वाचलो.

लक्सरची पाळी आईची. तिला सगळं समजावून झालंय: कधी चष्मा, कधी नाही, कधी पाणी प्यायचं. ऐकून घेतलं आणि तिने दोनच प्रश्न विचारले. ग्रहण सुटल्यावर आंघोळ करायला हॉटेलात पाणी असेल ना? आणि दिव्याच्या आवसेला दिवे घासायचे राहतील, तर निदान एक निरांजन बरोबर न्यायचं म्हणते, पितळेचं आहे, विमानात हातातल्या पिशवीत चालतं का ते तेवढं बघून ठेव.